काय लागत नाय

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. आज तुम्हाला का सांगतो आहे? ते मलाही नीट कळत नाही.

चीनच्या लढाईनंतरचा हिवाळा. आमची तुकडी लडाखात होती. विषारी वायू अंगावर पडला तर धुऊन कसा काढायचा, याचा सराव चालला होता. मी माकुणसारचा. माझा जोडीदार एडवणचा काशिनाथ, मच्छीमाराचा मुलगा. मला दादा म्हणायचा. "आमच्याकडं मासळी बर्फात घालतात दादा, हितं आमालाच घातलाय!" असं म्हणून हसायचा. त्याला हिंदी येत नव्हती. त्याचं बोलणं सराव घेणाऱ्या उस्तादांना मी हिंदीत सांगायचो.

एकाने हातमोजे काढायचे, दुसऱ्याने ब्लीचिंग पावडर चोळून बर्फगार पाण्यात त्याचे हात धुवायचे — मग उलट. कुणाला त्रास झाला तर सराव थांबे, हात शेकत, आणि जोडीला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे.

माझे हात धुऊन झाले होते. काशिनाथचे धुताना त्याची बोटं मेणासारखी पांढरी पडली. उस्तादांनी विचारलं, ठीक आहे ना? तो माझ्याकडे बघत म्हणाला, "दादा, काय लागत नाय... कायच लागत नाय."

तुम्ही मराठी माणसं. तुम्हाला या वाक्याचे दोन्ही अर्थ कळतात. दुखत नाही, हा एक. बोटांना काही जाणवतच नाही, हा दुसरा. मला कुठला कळला? दुसराच. त्याचा आवाज कापत होता — कळणार नाही कसा?

मी म्हणालो, "कहता है, कोई तकलीफ़ नहीं."

का? मला पुन्हा त्या पाण्यात हात घालायचे नव्हते. तंबूत शेगडी पेटली होती. बस — एवढंच.

त्याच्या उजव्या हाताची बोटं कापावी लागली. आता त्याच्या भावाची होडी समुद्रात जाते, आणि हा किनाऱ्यावर वाळत घातलेल्या बोंबलांवरचे कावळे हाकतो. मी तारापूरला, वीज केंद्राच्या बांधकामावर पहारेकरी झालो. दोन्ही हात शाबूत.

माझ्या मुलीच्या लग्नाला तो आला होता. पंगतीत कुणीतरी हाताचं विचारलं. "दोष कुणाचा नाय," तो म्हणाला. "मलाच धड बोलता आला नाय. दादानं मी बोललो तेच सांगितलं."

मी भात वाढत होतो. तो डाव्या हाताने जेवत होता. "पुरे, दादा," म्हणाला.

मी वाढतच राहिलो.