आबांच्या माशांना विलायची लागायची

मी शब्द दिला आणि समोरच्यानं तो तात्काळ खरा मानला, असं माझ्या आयुष्यात एकदाच घडलंय. समोर कावळा होता.

माझ्या वडिलांचा, आबांचा, दहावा होता. तीर्थपुरीजवळच्या आमच्या गावी तळ्याच्या काठावर पिंड मांडलं होतं आणि शेजारच्या पानात आबांच्या आवडीचं सगळं होतं: भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा, तंबाखूची पुडीसुद्धा. आईनं जिलेबी आणायला सांगितली होती. पण मी पडलो थोरला मुलगा, त्यातून जालन्याच्या शाळेत विज्ञानाचा मास्तर. मी ठणकावून सांगितलं, "पानावर गोड ठेवायचं नाही. त्यांना शुगर होती." (तंबाखूबद्दल माझी काही तक्रार नव्हती!)

कावळे आले, बाभळीवर बसले आणि बसूनच राहिले. तास गेला. ऊन डोक्यावर आलं.

"कायतरी इच्छा राह्यली बघा," भावकीतलं कुणीतरी म्हणालं. "दिगू, वचन दे."

मी हात जोडले. "आबा, आईला सांभाळीन." कावळ्यानं मान दुसरीकडे वळवली. "आबा, शेत पडीक ठेवणार नाही." कावळ्यानं पंखाखाली खाजवलं. "आबा, मी भावकीत सगळ्यांशी गोडीनं वागेन." ह्यावर तर दोन कावळे उडूनच गेले! भुकेनं आणि उन्हानं माझं डोकं चालेना. समोर तळं दिसत होतं, म्हणून तोंडातून निघून गेलं, "आबा, तुमची काठी घेऊन ह्या तळ्यावर येईन. आईच्या समोर मासा धरीन."

वाक्य पुरं व्हायच्या आत कावळा पिंडावर होता.

सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. आईनं डोळ्यांना पदर लावला आणि पदराआडून म्हणाली, "ऐकलंय मी."

आता खरं सांगायचं तर आबांच्या काठीला मी कधी हातही लावला नव्हता. वेळूची लांब काठी, तिला तंगुसाचा दोरा, दोऱ्याला मोरपिसाच्या देठाचा तरंगा आणि खाली गरी, म्हणजे गळाचा आकडा. दर रविवारी सकाळी आबा ती खांद्यावर टाकून तळ्यावर जायचे. तळ्यात रोहू-कटल्याचं बी सोडलेलं असायचं. राखण किसनकाकांची, म्हणजे आबांच्या लहानपणच्या दोस्ताची. जाळं टाकायचं किसनकाकांनी आणि काठी लावायची फक्त आबांनी, असा त्या दोघांचा कायदा होता.

काठीबरोबर डबा जायचा. डब्यात माशांचा चारा. तो आई करून द्यायची. आधी साधा कणकेचा गोळा असायचा. पुढे डॉक्टरांनी आबांना शुगर सांगितली, आईनं घरातलं गोड बंद केलं, आणि नेमक्या त्याच सुमाराला तळ्यातल्या माशांच्या आवडीनिवडी बदलल्या.

"ज्वारीचं पीठ भाजून घे जरा," आबा म्हणायचे. "कच्च्याला तोंड लावून न्हाई राह्यले."

पुढच्या महिन्यात, "वाईच गूळ टाक. वास लागला पाह्यजे."

मग, "तूप टाक गं. पीठ पान्यात इरघळून राह्यलं."

मग शेंगदाण्याचा कूट आला. आणि एका दिवाळीनंतर आबा अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "कटला मोठा हुशार मासा हाय. त्याला विलायची लागती."

मी एकदा न राहवून विचारलं, "आबा, माशाला विलायची कळते?"

"तुला काय म्हाईत? तू पुस्तकातले मासे शिकिवतो."

मी गावी गेलो की ते दारातून विचारायचे, "येतो का रे दिगू, तळ्यावर?" मी म्हणायचो, "पेपर तपासायचेत, आबा." ते म्हणायचे, "बरं." दुसऱ्यांदा कधी विचारायचे नाहीत. आता वाटतं, किती रविवार होते! एका रविवारी पेपर तसेच राहिले असते तर काय झालं असतं? पोरं तशीही नापासच होणार होती.

वर्षश्राद्ध जवळ आलं तसा आईनं धोसरा लावला. "शब्द देऊन खाऊ घातलंय त्यांना. तो फिटल्याबिगर मला घास गोड लागायचा न्हाई." तिचं जेवण खरंच कमी झालं होतं. माझी बायको मीना म्हणाली, "अहो, बाजारातून आणून दाखवा ना एक." आईनं ते ऐकलं आणि दोन दिवस आमच्या दोघांशी बोलली नाही.

शेवटी एका रविवारी आम्ही गेलो. मी, आई, मीना, काठी आणि डबा. आईनं पहाटे उठून चारा केला होता. घरभर वास सुटला, पण तिनं मला चमच्यालाही हात लावू दिला नाही. "माशांचं हाय ते."

किसनकाका बाभळीखाली आमची वाटच बघत होते. "या मास्तर! आज मासे शाळेत भरती करनार म्हनं!"

पहिल्या फेकीत गरी बाभळीत अडकली. दुसऱ्या फेकीत माझ्याच सदऱ्यात, पाठीमागे, जिथं माझा हात पोचत नाही तिथं! मीना ती सोडवताना इतकी हसत होती, की तिनं निम्मा सदरा फाडला.

"तुझे वडील कसे टाकायचे, पाह्यलं न्हाई का कधी?" आईनं विचारलं.

नव्हतंच पाहिलं. मी गरीवर नवा चारा चिकटवला.

तिसऱ्या फेकीला गरी पाण्यात पडली, पण चारा वाटेतच गळून गेला. चौथ्यांदाही तेच. मी वैतागलो. "काका, हा चारा गरीवर टिकतच नाही. भुगा होतो."

"टिकल कसा?" किसनकाका म्हणाले. "लाडू हाय त्यो."

"मग आबा कसा लावायचे?"

"आबा?" काकांनी आईकडे बघितलं, जीभ चावली, पण शब्द सुटून गेला होता. "आबा काहून लावतेत? आबा गांडूळ लावायचे. लाडू... लाडू ते खायचे. हितंच बसून. मला बी द्यायचे एक."

मीनानं माझ्याकडे बघितलं, मी काकांकडे, काकांनी तळ्याकडे. मला वाटलं, झालं, आता आई रडणार. इतकी वर्षं फसवलं म्हणून!

आई पदराशी चाळा करत म्हणाली, "मला काय येडी समजता का रे? माशाला कुठं विलायची लागती व्हय?"

"वहिनी, तुम्हाला ठाव होतं?"

"न्हाई तर कूट इतका बारीक काहून करत होते मी? ह्यांना दाढा न्हव्हत्या. आठवड्याला चारच लाडू द्यायचे, सुपारीएवढे. मागून तर घेनार न्हाईत, मानी मानूस. म्हन्लं, खाऊ द्या माशांच्या नावानं."

किसनकाका हळूच म्हणाले, "चारच? मंग मला देऊन तीनच राहायचे की त्यांना!"

आई हसली. त्या वर्षात मी तिला पहिल्यांदा हसताना बघितलं, आणि मला एकाएकी आबा इतके हवेसे वाटले, की मी उगीचच गरी तपासत बसलो.

काकांनी गांडूळ लावून दिलं. मी काठी धरली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. आणि तरंगा बुडाला!

"ओढ!" आई ओरडली.

"ओढू नको, ढील दे!" काका ओरडले.

"अहो, चष्मा!" मीना ओरडली.

मी तिघांचंही ऐकलं. त्यामुळे चष्मा पाण्यात पडला आणि काठी हातातून सुटली. आबांची काठी! ती सरळ तळ्याच्या मध्याकडे निघाली, पुढे मासा आणि मागे काठी. मी कपड्यांसकट तिच्यामागे घुसलो. मुलांना मी दरवर्षी फळ्यावर आकृती काढून तरंगण्याचे नियम शिकवतो. त्यातला एकही नियम मला लागू पडला नाही. कमरेएवढ्या पाण्यात माझे दोन्ही पाय चिखलात रुतले.

"आई, आबांची काठी गेली!" मी ओरडलो. पन्नाशीला आलेला माणूस असा ओरडतो, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

"हालू नका मास्तर, जल्दी आलो!" म्हणत काका थर्माकोलच्या तराफ्यावर बसून काठीमागे निघाले. मीना काठावरून त्यांना दिशा सांगत होती. (चुकीची!) आणि ह्या सगळ्या गोंधळात आईचा आवाज आला, अगदी शांत. "दिगू, मागं बघ."

चष्म्याशिवाय मला काळा ठिपकाच दिसला. बाकीचं नंतर आईनं सांगितलं: डबा उघडा राहिला होता. कावळा त्याच्या काठावर बसला होता. त्यानं एक लाडू चोचीत घेतला, आम्हा सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि उडाला.

"फिटला शब्द," आई म्हणाली. "मासा राहू दे. त्यांना मासा कुठं पाह्यजे होता? तू दहाव्याला पानावर गोड ठेवू दिलं न्हाईस. काठीचं नाव काढलं तवा त्यांना वाटलं, डबा येनार. म्हनून तर आल्ते बराबर!"

मी चिखलात उभा राहून रडलो. पाण्यात असल्यामुळे कुणाला कळलं नाही, असं मी अजून मानतो. मासा सुटला होता. काकांनी काठी आणली. आईनं डब्यातला एक लाडू त्यांना दिला, एक स्वतः खाल्ला.

त्याला आता बराच काळ झाला. मी दर रविवारी गावी जातो आणि आबांच्या जागेवर बसतो. शेजारी थोडी जागा सोडून बसतो. अजून एकही मासा लागलेला नाही, पण "येतो का रे?" असं कुणी विचारलं तर आता मी पेपरांचं नाव काढणार नाही.

मध्यंतरी डॉक्टरांनी मलाही शुगर सांगितली. आता चारा मीना देते, साधा कणकेचा गोळा. मागच्या शनिवारी मी तिला सहज म्हणालो, "मासे फिरकत नाहीत गं. जरा गूळ घालून बघतेस? थोडं तूप. आणि विलायची असेल तर..."

मीना आत गेली आणि शुगर मोजायचं मशीन घेऊन बाहेर आली.

"बोट पुढं करा," ती म्हणाली. "बघू, माशांची किती आलीय."