न भरलेले नांगे

चोपणवाले साहेब रानात शिरले की आधी मेलेल्या रोपांपाशी जाऊन बसत. हिरव्या रोपांची त्यांना घाई नसे. शिरोलीकडच्या आमच्या रानाचा एक तुकडा चोपण, म्हणजे खारवट, होता. भिजला की साबणासारखा निसरडा, वाळला की दगड. तिथे तगेल असे भात निपजवण्यासाठी शेतकी खात्याने त्यांना धाडले होते. गावकरी म्हणत, "साहेब भाताच्या मर्तिकाला येत्यात." साहेब हसून उत्तर देत, "मरायचं त्याला मरू द्या. उरेल त्याचंच बी धरायचं."

हे वाक्य माझ्या वडिलांनी, अण्णांनी, इतक्या वेळा ऐकले होते की अज्ञानाचा बचाव त्यांना उपलब्ध नव्हता.

एका पावसाळ्यात लावण उरकून साहेब आजऱ्याची भाते पाहायला गेले. मागे निम्मी रोपे जळाली. लावणीत अशा रिकाम्या पडलेल्या जागांना आमच्याकडे नांगे म्हणतात. ते भरले नाहीत तर त्या घराची नाचक्की. अण्णांनी बायका लावून नांगे भरून घेतले. साहेबांच्याच वाफ्यातली उरलेली रोपे, आणि प्रत्येकाच्या बुडाशी चांगल्या रानातली ओंजळभर माती. साहेब परतले तेव्हा तुकडा हिरवागार होता. कोणते रोप स्वतः तगले आणि कोणते माणसांनी तगवले, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हते. कैक हंगामांची निवड बुडाली.

मी तेव्हा शिवाजी पेठेत राहून कायदा शिकत होतो. सुटीत आल्यावर मी जाब विचारला. अण्णा म्हणाले, "पावण्याचं भात माझ्या रानात मरतंय, ह्ये गावानं बघायचं व्हय?"

लवकरच वरिष्ठ पाहणीला आले. काम चालू ठेवायचे की नाही, हे त्यांच्या हाती होते. पीक पाहून ते खूश झाले. साहेब गप्प बसते, तर काम टिकले असते. ते म्हणाले, "हे पीक हिशोबात धरू नका. नांगे भरले गेलेत. देखरेख माझी होती, दोष माझा."

अण्णा हातभर अंतरावर उभे होते. पटका सारखा करीत राहिले. अपराध एकाचा, कबुली दुसऱ्याची, आणि तेही आमच्या बांधावर. पाणंद, पाट, पोस्ट, प्रत्येक गैरकारभारावर मी आयुष्यभर सरकारला खरमरीत पत्रे लिहिली. ही तक्रार कोणत्या कचेरीत दाखल करायची, ते मला अजून ठरवता आलेले नाही.

काम बंद झाले, साहेबांची बदली झाली. निघताना ते नेहमीसारखे आमच्याकडे जेवले, आईकडून आणखी एक भाकरी मागून घेतली. मग म्हणाले, "अण्णा, माझ्या भाताची एवढ्या मायेनं कुणी काळजी घेतली नव्हती." त्यात टोमणा नव्हता, हेच मला सोसत नाही.

अण्णा पुढे दरवर्षी त्या तुकड्यात भात लावत राहिले. रोपे जळत. वाटेने जाणारे हटकून विचारत, "अण्णा, यंदा बी नांगं भरायचं न्हाय व्हय?" अण्णा मान खाली घालून पुढे निघत. सुगीला तगलेल्या रोपांच्या लोंब्या तेवढ्या वेगळ्या बांधून ते आढ्याला टांगत. त्या मागायला कुणी आले नाही.