नर्स हॅड्रलची राहून गेलेली मधमाशी

आमच्या राटाडेलमध्ये पन्नाशीचा माणूस तोंड उघडून हसला की दाढांमध्ये जी काळपट चांदी दिसते, ती शाळेतल्या पोरांच्या दाढा भरणाऱ्या नर्सच्या, नोएलिन हॅड्रलच्या हातची. शाळेच्या मैदानाच्या कोपऱ्यात तिची दोन खोल्यांची पांढरी बैठी इमारत होती. पाटीवर ‘दंत चिकित्सालय’ असं लिहिलेलं. आम्ही पोरं तिला कत्तलखाना म्हणायचो. न्यूझीलंडभरच्या शाळांमधली पोरं हेच म्हणायची, त्यामुळे नर्सने ते कधी मनाला लावून घेतलं नाही. वर्गात चिठ्ठी आली की ज्याचं नाव असेल त्याच्या तोंडचं पाणी पळायचं.

बाई तशी मायाळू. दाढ भरून झाली की कापसाच्या गुंडाळीची मधमाशी करून द्यायची. पेनाने काढलेले दोन डोळे, अंगावर काळ्या दोऱ्याचे पट्टे, जाळीच्या कापडाचे पंख. ती शर्टाला अडकवून वर्गात परतणारा त्या दिवसापुरता हिरो. माझ्याकडे पाच होत्या. गॅव्हिन स्प्राउल माझ्याच बाकावरचा, पण त्याच्याकडे एकही नव्हती. चौसष्ट साली, नऊ वर्षांचा असताना, तो तिच्या बोटाला कडकडून चावला आणि खिडकीतून उडी मारून पळाला. पुढच्या आठवड्यात हेडमास्तरांनी त्याला धरून आणून खुर्चीत बसवलं. दाढा भरल्या, मधमाशी मिळाली नाही.

मी वडिलांचं दुकान चालवतो. दूध, पाव, वर्तमानपत्र, आणि काउंटरवर रंगीत गोळ्यांच्या बरण्या. निवृत्त झाल्यावरही नर्स रोज सकाळी पेपर घ्यायला यायची आणि बरण्यांकडे अशी बघायची की मलाच चोरट्यासारखं व्हायचं.

“डग, लाज नाही वाटत रे?”

“वाटते ना, नर्स. पण गोळ्या खपतात.”

“आणि खुर्चीत भोकाड पसरायचास तेव्हा?”

“म्हणून तर आता विकतो. खात नाही.”

गावात सगळे तिला अजून नर्सच म्हणायचे. तिचा ध्यास एकच. आमच्या नळाच्या पाण्यात फ्लोराइड जवळपास नाहीच. ते अगदी बेताने घातलं तर पोरांचे दात कमी किडतील, म्हणून ते घालायचं. तेव्हा हे ठरवणं गावच्या कौन्सिलच्या हातात होतं. दर तीन वर्षांनी निवडणूक आली की नर्स उमेदवारांच्या हात धुऊन मागे लागायची. पाच निवडणुका झाल्या, पाचही वेळा कौन्सिलने नाही म्हटलं.

दोन हजार सात साली ती बहात्तर वर्षांची होती आणि गुडघे कुरकुरायला लागले होते. त्याच हिवाळ्यात मिसेस पाराताच्या चार वर्षांच्या नातवाला मोठ्या शहरातल्या इस्पितळात नेऊन, पूर्ण भूल देऊन, सात दात काढावे लागले. नर्स त्याला बघायला गेली होती. दुसऱ्या दिवशी दुकानात आली, पेपर न घेताच उभी राहिली.

“सात रे, डग. चार वर्षांचं पोर. ही माझी शेवटची निवडणूक. यंदा होऊ दे, मग मी गप्प बसते.”

ती गप्प बसेल यावर माझा विश्वास नव्हता, पण तिचे डोळे भरले होते, म्हणून मी थट्टा केली नाही.

मग सुरू झाली तिची फेरी. हातात वही, पिशवीत चीज घातलेले गरम स्कोन, म्हणजे घरी भाजलेले छोटे पाव. दारात उमेदवार दिसला की आधी स्कोन, मग प्रश्न. तिला माणसांची नावं आठवत नसत, दाढा आठवत. “तू खालची डावी सहा नंबर ना? अजून आहे का? आ कर बघू.” साठीतला मेंढपाळ, निवडणुकीला उभा राहिलेला, आपल्याच अंगणात आ करून उभा! एक जण तर तिला फाटकातून येताना बघून गाडीखाली शिरला आणि इंजिन दुरुस्त करायचं सोंग घेऊन पडून राहिला. नर्सने त्याच्या बुटांशेजारी खुर्ची मागवली आणि बसली. वीस मिनिटांनी तो बाहेर आला आणि हो म्हणाला.

जो हो म्हणेल त्याच्या नावापुढे वहीत खूण, आणि त्याला कापसाची मधमाशी. लोकांनी ती हौसेने कोटाला लावली. त्यामुळे तिची मोजदाद गावभर दिसायची. नऊ जागा होत्या. निवडून येणार अशा चौघांच्या कोटावर मधमाशी होती, चौघं ठाम विरोधात. नववी जागा गॅव्हिन स्प्राउलची, हे सगळ्यांना माहीत होतं. तो गावचा प्लंबर. निम्म्या गावाचे नळ त्याने बसवलेले, शिवाय स्वभावाने सरळ.

त्याच्या दारात तेवढी ती गेली नाही. मी विचारलं तर म्हणाली, “त्याचा माझ्यावर दात आहे. आणि त्याचं चुकतंय असंही नाही.”

उमेदवारांची सभा हॉलमध्ये संध्याकाळी सहाला होती. बायकांनी केक आणि सँडविचेस आणले होते, चहाचं मोठं भांडं उकळत होतं. रस्ते, कचरा, भटकी कुत्री, सगळं बोलून झालं. मग नर्स उठली आणि प्रत्येकाला तोच प्रश्न विचारत गेली. गॅव्हिनपाशी पोचल्यावर जरा थांबली.

“आणि तू, गॅव्हिन?”

गॅव्हिन उभा राहिला. कान लाल झाले होते.

“नर्स, खरं बोलू? नऊ वर्षांचा होतो, तुम्ही माझ्या आठ दाढा कोरल्यात. शहरातला डेंटिस्ट म्हणतो, तेव्हा चांगल्या दाढासुद्धा कोरायचे. तेव्हा तुम्ही काय म्हणालात? तुझ्या भल्यासाठी आहे, वरून सांगितलंय. आता पुन्हा तेच, आमच्या भल्यासाठी, वरून सांगितलंय. मला कोणी विचारलं होतं का?”

मला वाटलं, आता नर्स त्याला फाडून खाणार.

“खरं आहे,” नर्स म्हणाली. “वेलिंग्टनला ट्रेनिंगमध्ये आम्हाला तसंच शिकवलं. कीड लागायची वाट बघू नका, आधीच कोरा आणि भरा. मी मन लावून शिकले. तुझ्या आठातल्या तीन धडधाकट होत्या. मला तेव्हाही शंका आली होती. मी कोणाला बोलले नाही. चुकलं माझं, गॅव्हिन.”

एवढं बोलून तिने पाठ फिरवली, रुमाल तोंडाशी नेला. आम्हाला वाटलं रडतेय. पुन्हा वळली तेव्हा तिचे गाल आत गेले होते आणि हातात, रुमालावर, दातांच्या दोन्ही कवळ्या होत्या. वरची आणि खालची. आमची दातखीळच बसली. पन्नास वर्षं जिने गावाचे दात सांभाळले, तिच्या तोंडात स्वतःचा एक दात नव्हता!

“सतरावा वाढदिवस,” ती बोबड्या आवाजात म्हणाली. “वडिलांची भेट. सगळे काढून घेतले, चांगले होते तेसुद्धा. पुढे नवऱ्याच्या मागे दातांच्या खर्चाची कटकट नको. तेव्हा कितीतरी मुलींचं असंच करायचे. मलाही कोणी विचारलं नव्हतं रे.”

मागच्या रांगेतून मिसेस पाराता ओरडली, “नर्स, दात घाला आधी! गार हवेत सर्दी होईल!” आणि सगळा हॉल हसला. नर्सही हसली, बोळक्याने, आणि इतकी गोड दिसली की मला भडभडून आलं.

गॅव्हिन हसला नाही. “विचार करतो,” म्हणाला आणि बसला.

तो निवडून आला. डिसेंबरात कौन्सिलमध्ये विषय निघाला तेव्हा दुकान बंद करून मीही ऐकायला गेलो. नर्स पहिल्या रांगेत, मांडीवर वही. चार आणि चार हात वर झाले, आणि सगळे गॅव्हिनकडे बघायला लागले.

“माझा होकार आहे,” तो म्हणाला, “पण एका अटीवर. चौकात एक नळ ठेवायचा, थेट बोअरच्या पाण्याचा, काहीही न घातलेला. ज्याला नको त्याने तिथलं न्यावं. नळ मी बसवतो.”

आता गंमत बघा, मधमाशीवाले चौघंच भडकले. असं पाणी दिलं तर उपयोग काय, लोक घाबरतील, एक ना दोन. वाद चिघळायला लागला तशी नर्स खुर्चीच्या पाठीला धरून उठली. प्रेक्षकांनी बोलायचं नसतं. तिला कोण सांगणार?

“देऊन टाका रे त्याला नळ,” ती म्हणाली. “विचारून घ्यायला काय जातंय तुमचं? मी नाही विचारलं, त्यात माझी चाळीस वर्षं गेली.”

पाच विरुद्ध चार. ठराव नळासकट पास झाला. नर्सने वही मिटली आणि पुढचा सगळा वेळ हळूच नाक पुसत बसली.

नळ बसला तो एप्रिलमध्ये, म्हणजे आमच्याकडच्या शरद ऋतूत, झाडांची पानं पिवळी पडत असताना. शनिवारी सकाळी गॅव्हिनने स्वतः शेवटचा पाना फिरवला. आठ-दहा जण बाटल्या घेऊन आले होते. आणि रांगेत सगळ्यात पुढे कोण? नर्स हॅड्रल, हातात भलीमोठी किटली.

“नर्स, तुम्ही?” गॅव्हिन ओरडला. “पंधरा वर्षं भांडलात, आणि आता माझ्या नळावर?”

“माझे दात दुकानातले आहेत, गॅव्हिन. त्यांना कशाचीच गरज नाही. आणि बोअरच्या पाण्याचा चहा चांगला होतो, हे तुला कोणी सांगितलं नाही वाटतं?”

तिने किटली भरली, कठड्यावर ठेवली. मग कोटाच्या खिशात हात घातला आणि बराच वेळ काढलाच नाही. बाहेर आली ती मधमाशी. पंख जरा वाकडे झाले होते.

“चौसष्ट सालची राहिली होती,” ती म्हणाली. “पण यावेळी आधी विचारते. हवी का?”

गॅव्हिनने हातातला पाना खाली ठेवला. ओले हात पँटला पुसले, आणि बावन्न वर्षांचा तो धिप्पाड प्लंबर तिच्यापुढे छाती काढून, शाळेतल्यासारखा ताठ उभा राहिला.

“हवी, नर्स.”