देवापुढे न ठेवलेले मनुके

देवावर श्रद्धा असलेली माणसं सांगलीत गल्लोगल्ली सापडतील. पण प्रार्थनेनंतरच्या फराळावर अढळ श्रद्धा असलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमचे शेजारी, रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड. धर्मानं ज्यू, कोकणातून वर आलेल्या बेने इस्राएलांपैकी, आणि मराठी आमच्यापेक्षा शुद्ध. गल्लीत त्यांच्या धर्माचं दुसरं घर नव्हतं, गावात प्रार्थनेची जागा नव्हती. म्हणून दर शुक्रवारी पहाटेच्या गाडीनं ते पुण्याला जात, शनिवारी सकाळी तिथल्या एका लहानशा प्रार्थनाघरात हजेरी लावत आणि रविवारी परतत. शनिवारी त्यांच्यात प्रवास करायचा नसतो, तेव्हा मुक्काम बहिणीकडे, प्रार्थनाघरापासून पायी सहा मिनिटांवर. ती सहा मिनिटं त्यांनी घड्याळ लावून तपासली होती.

एवढा आटापिटा करणारा माणूस परतल्यावर प्रार्थनेबद्दल चार शब्द बोलेल असं आपल्याला वाटणार. गार्डकाका बोलायचे पुऱ्यांबद्दल. शनिवारची प्रार्थना संपली की तिथं सगळे एकत्र बसत, सरबताच्या पेल्यावर आशीर्वाद म्हणत आणि मग आदल्या दिवशी करून ठेवलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या, उकडलेली अंडी, केळी असं खात. या सगळ्याला ते किद्दुश म्हणत. दुसऱ्या देशांत त्या पेल्यात द्राक्षांची दारू असते म्हणे. काकांच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या काळे मनुके भिजवून, कुस्करून, गाळून त्याचं सरबत केलं. आणि त्या सरबताचे तहहयात, स्वयंघोषित आणि कुणीही न हटवलेले प्रमुख म्हणजे आमचे गार्डकाका.

फराळाला ते इतके का जपत, याला कारण होतं. दहा पुरुष जमल्याशिवाय त्यांची सामुदायिक प्रार्थना पुरी होत नाही, आणि एकोणीसशे नव्वदनंतरच्या त्या वर्षांत एकेक घर इस्राएलला निघालं होतं. दहाचा आकडा गाठताना दमछाक व्हायची. काकांचा सिद्धान्त साधा होता. ते म्हणायचे, "नऊ जण भक्तीनं येतात. दहावा पुरीसाठी येतो. म्हणून पुरी बिघडून चालायचं नाही." माणसं मोजू नयेत अशी त्यांच्यात समजूत असल्यानं ते टोप्या मोजत. एकदा प्रार्थनाघराच्या समितीतल्या एकानं घरी वेळ नाही म्हणून बिस्किटांचे पुडे आणले, तर काकांनी त्याला सगळ्यांदेखत विचारलं, की आपण प्रार्थनेला आलोय की प्रतीक्षालयात बसलोय. त्या गृहस्थानं पुढचे दोन शनिवार तोंड दाखवलं नाही आणि टोप्या नवावर आल्या. मग काकांनीच त्याच्या घरी जाऊन त्याची समजूत काढली, आणि वर बिस्किटं वाईट नव्हती असंही खोटं सांगितलं.

आमच्या सत्यनारायणाला ते हमखास येत आणि दाराजवळची खुर्ची धरत. कथेला चार डोकी, आरतीला पंधरा आणि शिऱ्याला सगळी गल्ली, ही आमची रीत त्यांनी बारकाईनं न्याहाळली होती. जाताना आईला म्हणाले, "वहिनी, तुमच्यात पॅसेंजरांची टंचाई नाही. फक्त सगळे गाडी सुटताना पळत येतात." आई त्यावर हसली, बाबांना मात्र ते लागलं. पुढच्या वर्षी त्यांनी कथेच्या वेळी दार आतून लावून घेतलं, त्यामुळे शिऱ्यालाही चारच माणसं झाली.

मनुके कुठलेही चालत नसत. बाजारातल्या पिवळ्या बेदाण्याला गंधकाची धुरी दिलेली असते, त्याला ते हात लावत नसत. तासगावला एक बेदाण्याचे व्यापारी होते, ते काकांसाठी थोडे काळे मनुके साध्या उन्हात वाळवून ठेवत. ते आणायला गुरुवारी माझी स्कूटर आणि स्कूटरबरोबर मी. मागे बसून काका रस्त्यातल्या प्रत्येक एसटीची वेळ आपल्या घड्याळाशी ताडून पाहत आणि तिचा उशीर माझ्या कानात सांगत.

एका गुरुवारी मात्र त्यांचं घड्याळाकडेही लक्ष नव्हतं. प्रार्थनाघरातलं एक घर, म्हातारे वडील आणि दोन मुलगे, पुढच्या आठवड्यात कायमचं जाणार होतं. म्हणजे या शनिवारी दहा टोप्या, त्यानंतर सात. हा शेवटचा पुरता किद्दुश, आणि त्याचं सरबत म्हाताऱ्याच्या आयुष्यभर लक्षात राहावं असं व्हायला हवं होतं. काकांनी मोठ्या विश्वासानं हे सगळं व्यापाऱ्याला आधीच्या आठवड्यात सांगून ठेवलं होतं, आणि तिथंच घोटाळा झाला.

व्यापाऱ्यानं डबा दोन्ही हातांनी पुढे केला. काकांनी झाकण उघडलं. वर जास्वंदीचं फूल, दूर्वांची जुडी आणि मनुक्यांवर हळदकुंकू.

"आवं काका, देवाच्या कामाला जायाचं म्हटल्यावर मोकळं कसं द्यायचं? सकाळी आंघोळ करून पयलं आमच्या गणपतीम्होरं ठिवलं," तो म्हणाला. त्याचा चेहरा आनंदानं फुलला होता.

काकांनी क्षणभर डब्याकडे पाहिलं, मग त्याचे हात हातात घेऊन आभार मानले. परत येताना तीन एसट्या गेल्या, काकांचे दोन्ही हात डब्यावरच होते. शेवटी मीच म्हणालो, वरचं फूल काढून मनुके धुतले की झालं, कुणाला कळणार आहे.

"पोचले की ते तिथं," काका म्हणाले. "एकदा पोचलेला माल परत बुक होत नाही."

दुसरे मागावेत तर त्या भल्या माणसाला कळणार, की आपला देव यांना चालला नाही. ते काकांना मुळीच नको होतं. पण सरबताशिवाय शेवटचा किद्दुश? गल्लीच्या तोंडाशी ते उतरले आणि पहिल्यांदाच मला म्हातारे वाटले.

मग त्यांनी जे केलं ते फक्त काकाच करू शकत होते. काळे मनुके आमच्याकडे प्रत्येक घरात असतात. कुणाच्या खोकल्यासाठी, कुणाच्या पोटासाठी, औषधाच्या डब्यात मूठभर. संध्याकाळी काका दारोदार निघाले. आजवर कुणाकडे वाटीभर साखरसुद्धा न मागितलेला हा माणूस डोक्यावर टोपी घालून प्रत्येक उंबऱ्यावर उभा राहिला. आधी तासगावचा डबा पुढे करायचे. "गणपतीचा प्रसाद आहे, उजव्या हातात घ्या," असं वर बजावायचे. मग खाली बघत विचारायचे, घरात काळे मनुके आहेत का, आणि देवापुढे ठेवलेले नाहीत ना. बायका प्रसाद कपाळाला लावायच्या आणि आत जाऊन औषधाचा डबा घेऊन यायच्या. अर्ध्या तासात एक डबा रिकामा आणि दुसरा भरलेला.

रविवारी परतले ते थेट आमच्या ओट्यावर. सरबताला लवंगेचा वास आला, म्हणाले; कुणाचा तरी डबा लवंगेचा असणार. टोप्या दहा भरल्या. म्हाताऱ्यानं दुसरा पेला मागून घेतला. "लवंग घातलीत, छान केलंत, असं म्हणाला," काका म्हणाले आणि टोपी काढून बराच वेळ पुसत बसले.

ते प्रार्थनाघर मग फक्त सणाला उघडू लागलं. उरलेले सगळे पुण्यातल्याच दुसऱ्या मोठ्या प्रार्थनाघरात जाऊ लागले. काकाही गेले तीन-चार वेळा. तिथं टोप्या भरपूर, फराळ उत्तम, सगळं वेळच्या वेळी. "माझ्यावाचून काही अडत नाही तिथं," एवढंच म्हणाले, आणि शुक्रवारची गाडी सुटली. पुढे शनिवारी सकाळी ते घरीच एकटे प्रार्थना म्हणत आणि नंतर गल्लीतल्या सगळ्यांना ओट्यावर सरबत देत. आम्ही प्रार्थनेला नसायचोच. सरबताला मात्र वेळेवर हजर. दोन वर्षांनी इस्राएलला असलेली लेक त्यांनाही घेऊन गेली.

आजही घरात मनुके आले की नैवेद्याची वाटी भरण्याआधी आई एक मूठ वेगळी काढते आणि औषधाच्या डब्यात ठेवते. देवाच्या आधी कुणाचं काढायचं नसतं, हे मला तिनंच शिकवलंय. एकदा मी तिला तसं म्हटलं. ती म्हणाली, "काका मागायला आले तर काय देऊ?"

मी डब्याचं झाकण लावलं.