एक आजारी, नावं दोन

१८ फेब्रुवारी. बिबड्यांच्या पापडांसाठी ज्वारी भिजत घातली होती. तिसऱ्या दिवशीचं पाणी बदलत असताना विमा कंपनीतून फोन आला. "मॅडम, पॉलिसी वैशाली यांच्या नावावर आहे. उपचाराचे सगळे कागद सुमन नावाच्या पेशंटचे आहेत. मंजुरी देता येणार नाही."

दोन्ही मीच. असोद्याची सुमन. लग्नात नाव बदललं आणि पिंप्राळ्याची वैशाली झाले.

मी शिवणक्लास चालवते. दोन वर्षांपूर्वी झोप गेली, भूक गेली. कापड पुढ्यात, कात्री हातात आणि तासभर काही सुचत नाही, असं व्हायला लागलं. थायरॉइड तपासला, रक्त तपासलं. सगळं ठीक. शेवटी मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले. तेव्हा मुलीचं लग्न जमत होतं. रजिस्टरमध्ये कोणी वाचेल म्हणून काउंटरवर माहेरचं नाव सांगितलं, आडनावासकट. डॉक्टर म्हणाले, "सुमनताई, हे डिप्रेशन आहे. आळस म्हणून स्वतःला बोल लावू नका."

पहिल्या गोळीने फरक पडला नाही. दुसरीनेही नाही. पूर्ण डोस, पूर्ण मुदत. मग त्यांनी टीएमएस सुचवलं. ट्रान्सक्रॅनिअल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन, म्हणजे डोक्याला बाहेरून चुंबकाची कॉइल लावून मेंदूच्या ठरावीक भागाला हलके ठोके देतात. भूल नाही, भरती नाही. आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे. भरती लागत नाही म्हणूनच बऱ्याच पॉलिसींत ते बसत नाही. आमच्या पॉलिसीत बसत होतं, पण आधी मंजुरी हवी आणि दोन औषधं लागू पडली नाहीत याचे कागद हवेत. विम्याशिवाय हा खर्च आम्हाला झेपणार नव्हता.

हेच उपचार माझी चुलत बहीण शोभा हिने धुळ्यात घेतले. तिचा विमा आठवड्यात मंजूर झाला. तो दिवस मला आजारापेक्षा जड गेला. शोभा माझ्याहून तीन वर्षांनी लहान. माझी पुस्तकं तिला जायची, माझे फ्रॉक तिला जायचे. आजारसुद्धा तिला माझ्यानंतर झाला. बरी मात्र ती आधी झाली.

तिने तर आजार हळदीकुंकवात सांगितला होता. मी फोनवर झापलं, "गावभर कशाला सांगत सुटलीस?"

"अक्का, गुडघा दुखस तं सांगतस ना? हाई बी दुखनंच शे. आनि तू कितला दिवस दडपशी? तुन्हा आवाजच सांगस."

मी फोन ठेवून दिला होता. पण तिच्या औषधाच्या प्रत्येक चिठ्ठीवर एकच नाव होतं, आणि माझ्या एकाही चिठ्ठीवर माझं नव्हतं.

विमा कंपनीच्या फोनच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या टेबलावर आधार कार्ड ठेवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. "म्हणजे दोन वर्षं मी भलत्याच बाईला गोळ्या देतोय? पत्र देतो मी. पण शाळेचा दाखला लागेल, प्रतिज्ञापत्र लागेल आणि तुम्हाला दोन्ही नावांनी ओळखणारं माहेरचं माणूस लागेल सहीला."

दाखला असोद्याहून आणला. भावाला बँकेचं काम आहे म्हणून सांगितलं. सहीसाठी मात्र त्याला सगळं सांगावं लागलं असतं. माहेरी माझा आजार माहीत असलेली एकच, शोभा.

फोन केला. आधी ती पोटभर हसली. "शाळामा तू पहिली येस, नि हाई अक्कल? मरनार व्हती तं कोना नाववर?" मग म्हणाली, "येस मी."

आली ती स्वतःची फाइल घेऊन, तारखेप्रमाणे लावलेली. जेवायला बसली आणि भरताबरोबर ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या दोन भाकऱ्या खाल्ल्या. मला तिच्या त्या दोन भाकऱ्यांचाही हेवा वाटला. माझी अर्धी ताटातच होती.

नोटरीकडे टायपिस्टने विचारलं, "प्रतिज्ञापत्र कशासाठी?"

मी म्हणाले, "विम्यासाठी."

"डिप्रेशनच्या उपचाराच्या विम्यासाठी," शोभा त्या खोलीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "नीट टाइप करा, बहीण आहे माझी." चार माणसं वळून पाहायला लागली. मी फरशी पाहत बसले. तिने टायपिस्टकडे चहा मागितला.

तुमच्यावर ही वेळ आली तर पहिल्या दिवसापासून पॉलिसीवरचंच नाव सांगा. जुनी चिठ्ठी टाकू नका. कोणती गोळी किती महिने घेतली, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. आणि पॉलिसीत हे उपचार बसतात का, ते कंपनीकडून लेखी मागा.

मंजुरी १० मार्चला संध्याकाळी आली. शोभाचे उपकार आहेत, ते मी मानते. हेवा गेला असं मात्र लिहिणार नाही. आधी तिच्या तब्येतीचा वाटायचा, आता तिच्या आवाजाचा वाटतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायका यायच्या आधी क्लासच्या फळ्यावर लिहिलं: "माझ्या डिप्रेशनच्या उपचारांसाठी सकाळची बॅच सहा आठवडे बंद. दुपारची चालू." खडू ठेवला आणि दार उघडलं.