आंधीत उडालेली पानं

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळत आलो. माझी धाकटी बहीण सुमी होती तोवर तिला सांगायची भीती वाटायची. आता ती नाही, तर भीतीही संपेल असं वाटलं होतं. तसं झालेलं नाही. ती गेल्याचा फोन तिच्या मुलीनं, केतकीनं केला, तेव्हा मी मयूर विहारला सुमीकडेच निघालो होतो. एक पाय चपलेत होता. "मामा, आई गेली..." आणि मी काय विचारावं? "शेवटचा भाग बघितला का तिनं?" केतकीला वाटलं, म्हातारा धक्क्यानं बरळतोय.

आम्ही दिल्लीत, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलो. एका उन्हाळ्यात आईचं मोठं ऑपरेशन झालं. वडील हॉस्पिटलात, घरी मी आणि माझ्याहून बरीच लहान सुमी. तिला रडू येऊ नये म्हणून मी दुपारी एक कादंबरी वाचून दाखवायचो. महाराष्ट्रात ती त्या वेळी घरोघरी असेल, आमच्या क्वार्टरांत मात्र एकच प्रत, कुणीतरी बदली होऊन जाताना आमच्याकडे सोडलेली. होडीवाल्याच्या मुलीची गोष्ट. तिची आई पुराच्या दिवशी पलीकडच्या काठाला जाते आणि मुलगी रोज तिन्हीसांजेला कंदील लावून वाट बघते. सुमीचं रोज एकच, "दादा, येईल ना रे आई?" ती कुणाच्या आईबद्दल विचारतेय हे मला कळायचं. शेवटचं प्रकरण मी आधी एकट्यानं वाचलं. आई येत नाही. मुलगी वल्हं हातात घेते आणि लोकांना पार नेऊ लागते. आज तो शेवट मला फार मोठा वाटतो, त्या दिवशी नुसता घाम फुटला. मी पानांवर नजर ठेवून मनचंच वाचत गेलो... धुक्यातून होडी येते, आई लांबूनच हाक मारते. सुमी टाळ्या पिटत बाल्कनीत धावली. नंतर ती पानं मी फाडून शेगडीत घातली आणि तिला सांगितलं, धुळीच्या आंधीत उडाली.

थोड्याच दिवसांत आई खरोखर घरी आली. तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं, पण सुमीच्या लेखी आईला त्या पुस्तकानं आणलं होतं. ते फाटकं पुस्तक ती सासरी घेऊन गेली, केतकीला तिनं त्यावर वाढवलं, शेवट मात्र तोंडी सांगायची. मी पुण्याला निघालो की दर वेळी मला बजावायची, नवी प्रत आण. एकदा दुकानात दिसली. हातात घेतली, मागचं पान उघडलं आणि परत ठेवली. "नाही मिळाली गं."

मग करोल बागेच्या एका हॉलमध्ये आमच्या मराठी मंडळानं त्या कादंबरीवरचा सिनेमा दाखवला. सुमीनं अख्खी गल्ली गोळा केली, पम्मी नावाची पंजाबी शेजारीणसुद्धा. "रोना बिल्कुल मत, आख़िर में माँ आ जाती है," असं तिला आधीच सांगून ठेवलं होतं. मी मागे बसून नुसता घड्याळाकडे बघत होतो. सिनेमात अर्थातच आई आली नाही. दिवे लागले तशी सुमी उभी राहिली. "शेवट बदललाय यांनी. पुस्तकात आई येते." मागून कुणीतरी म्हणालं, "ताई, यमुनेच्या पाण्यात मराठी विरघळलं वाटतं तुमचं! कुठलं पुस्तक वाचलंत?" हॉल हसला. सुमी माझ्याकडे वळली. "दादा, सांग ना यांना. तूच वाचून दाखवलं होतंस." सगळ्या माना माझ्याकडे. मी म्हणालो, "अगं, किती वर्षं झाली... मला नाही आता आठवत."

ती खाली बसली. "छोड़ यार, पिक्चर ही तो है," पम्मी तिचा हात धरून म्हणत राहिली. त्यानंतर सुमी मंडळात गेली नाही, गणपतीलाही नाही.

पुढे टीव्हीवर मालिका आली. शेवटच्या भागानंतर सुमीचा फोन. "दादा, यांच्यातही नाही आली रे आई. सगळेच कसे चुकतील? बघितलास ना तू?"

"आमच्याकडे लाइट गेली होती."

"अच्छा," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

या वर्षी त्याच गोष्टीवर नवी मालिका आली, टॅबवर बघायची. सुमी अंथरुणाला खिळलेली, तरी हट्ट असा की दादाबरोबरच बघणार. मी दर रविवारी जायचो, एकेक भाग व्हायचा. शेवटचा उरला तेव्हा म्हणाली, "हा पुढच्या रविवारी. तुझ्यासमोर." मी उठलो, तर मागून हळूच, "दादा, त्या दिवशी लाइट गेली नव्हती ना?"

केतकी चहा घेऊन आत येत होती. मी म्हणालो, "नको आता, मेट्रोला गर्दी होईल." तो आठवडा मी एकच वाक्य घोकत काढला. चालताना, जेवताना, आंघोळ करताना. त्या रविवारी चपलेत पाय घालताना ते तोंडपाठ झालं होतं.

मंडळातल्या कुणाला तो हशा आठवत असेल तर त्यांच्यासाठी लिहितो. सुमीचं मराठी कच्चं नव्हतं आणि ती खोटंही बोलत नव्हती. मी तिला जे वाचून दाखवलं, तेच ती सांगत होती.

रविवारी मी अजून मयूर विहारला जातो. केतकी मला आईच्या खोलीत बसवते आणि दार लोटून घेते. टॅब उशीपाशीच असतो, शेवटचा भाग न उघडलेला. शेजारी ते पुस्तक, मागची पानं नसलेलं. मी पलंगाजवळच्या खुर्चीत बसतो, घसा साफ करतो. सुमे, लाइट गेली नव्हती. आंधीही आली नव्हती. त्या दिवशी हॉलमध्ये मला सगळं आठवत होतं. सुमे, मला...