ज्याच्या चेंडूवरून गटाचं नाव पडलं

...तर मामानं काठी आपटली, इथवर काल आलो होतो. सुगीच्या नाचाचं मैदान, गावचे पुरुष आपापल्या वयाच्या गटात बसलेले, आणि डोंगीचा मुलगा लेकाल इतक्या वर्षांनी परत येऊन थेट चषकवाल्यांच्या गटात जाऊन बसला. त्याच्याच वयाच्या कोलासनं सरकून जागा दिली, तोंडात सुपारीही कोंबली. तेवढ्यात गटांची रीत सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या ओफादमामाची काठी आलीच.

"ऊठ. हा तुझा गट नाही."

"असं कसं मामा?" कोलास उसळला. "आमचं नाव चषकवाले पडलं ते ह्याच्याच चेंडूमुळं ना!"

"नाव ह्याच्या चेंडूचं, कबूल. पाणी कुणी वाहिलं? तू वाहिलंस. ह्यानं नाही."

मामाचं काही चुकत नव्हतं, हीच तर पंचाईत.

लहानपणी लेकाल राळ्याच्या शेतावर माकडं हाकायचा. दगड असा फेकायचा की माकडाच्या कानाला वारा लागावा, दगड लागू नये. पुढं पुढं त्यानं नुसतं वाकून मातीला हात लावला तरी माकडं फांदी सोडायची. एकदा सुपारी घ्यायला थांबलेल्या एका प्रशिक्षकानं हे पाहिलं, आणि पोरगं डोंगरापलीकडच्या शहरात, बेसबॉलच्या वसतिगृहात जाऊन पडलं.

काही वर्षांनी त्याच्या शाळेनं देशाचा चषक जिंकला. शेवटचा चेंडू लेकालचा. गावात डुकरं कापली. त्याच उन्हाळ्यात त्याच्या बरोबरीच्या पोरांचा गट बांधला गेला. आमच्यात गटाला त्या सालच्या मोठ्या घटनेचं नाव देतात. वीज आली त्या सालचे तारवाले, पूल वाहून गेला त्या सालचे पूलवाले. ही पोरं झाली चषकवाले. म्हणजे मांडव सजला, लग्न लागलं, अन् नवरदेवाचाच पत्ता नाही! इथं गटात शिरायचं म्हणून पोरं वाळूवर झोपली, म्हाताऱ्यांना पाणी वाहून वाहून त्यांचे खांदे सोलले. लेकाल तिकडं चेंडू उशाशी घेऊन पडलेला.

मग तो मोठ्या संघात गेला. आमच्याकडं सुगीचा नाच भर उन्हाळ्यात, अन् बेसबॉलचा हंगामही भर उन्हाळ्यात. डोंगी दरसाल मैदानातून फोन लावायची आणि हात उंच करून धरायची. नाचात म्होरक्या एक ओळ टाकतो, रिंगण ती झेलून उत्तर देतं. हॉटेलच्या खोलीत लेकालही फोन कानाशी धरून उत्तराची ओळ पुटपुटायचा. शेजारच्या पलंगावरचा, त्याचे चेंडू झेलणारा कॅचर विचारायचा, "आईशी बोलतोस का देवाशी?" मैदानातल्या गलक्यात त्याची ओळ कुणालाच ऐकू जायची नाही. डोंगीलासुद्धा नाही, फोन तर तिच्या डोक्यावर.

पुढं कोपर गेलं. ऑपरेशन झालं, पण चेंडूतली आग विझली ती विझलीच. त्याला सरावाच्या कामावर ठेवलं. ज्या हातानं भल्याभल्यांना चकवलं, त्याच हातानं नव्या पोरांना हाणायला मऊ मऊ चेंडू टाकायचे. सामना सुरू व्हायच्या आत मैदान सोडायचं. एके दिवशी कपाट रिकामं करायला सांगितलं, तेव्हा संघ बाहेरगावी होता. निरोप द्यायला झाडूवाली बाई तेवढी.

असा तो गावी आला. येताना एकच गोष्ट मनात धरून: रिंगणात जागा मिळावी.

आणि मामानं त्याला खुर्ची दिली. लाल, प्लॅस्टिकची, तालुक्याच्या साहेबांशेजारी. "मान आहे तुझा," मामा हळू आवाजात म्हणाला. "बस पाहुण्यांत."

गाणं सुरू झालं. म्होरक्यानं ओळ टाकली, उत्तर लेकालच्या ओठांपर्यंत आलं. पण खुर्चीवरची माणसं गात नाहीत, टाळ्या वाजवतात. साहेबांनी त्याच्यासोबत फोटो काढला. समोर चषकवाले एकमेकांचे हात गुंफून गेले. कोलासनं एकदा मान वळवून पाहिलं, मग रिंगण त्याला ओढून घेऊन गेलं.

फोनमधून ऐकू यायचं त्याहून हे लांब वाटत होतं.

लेकाल उठला. घरी निघाला असं डोंगीला वाटलं, तिनं त्याची टोपीही उचलून घेतली. पण तो गेला पाण्याच्या पिंपाकडं, जिथं अजून गटाला नाव न पडलेली, मिसरूड न फुटलेली पोरं किटल्या भरत होती. पोरं पांगली, त्यांना वाटलं बाप्या रागवायला आला. त्यानं एक किटली उचलली आणि ओळीत शेवटी उभा राहिला.

वाढत वाढत चषकवाल्यांपाशी आला. "हळू ओत रे," कोलास म्हणाला, "अजून नेम वाकडाच तुझा!" बाकीचे हसले. कोलासनं पेला पुढं केला, पण वर पाहिलं नाही.

शेवटी मामा. वाढणाऱ्याला म्हाताऱ्यानं त्याचा गट विचारायचा, अशी रीत. मामानं पेला हातात घेतला आणि रीतीप्रमाणं विचारलं, "कुठल्या गटाचा रे तू?"

"अजून नाव पडलं नाही, मामा. सध्या पाणी वाहतोय."